पायताणांची तोंडं

सुभाषनगरात दुपारी वीज गेली
की आरीचं टोक नीट दिसत नाही.
मग मी वेणी मांडीवर ठेवते
आणि सुनेला सांगते त्या समुद्राकाठच्या घराचं.
ती म्हणते, आत्ती, हे सातव्यांदा.
मी म्हणते, मग सातव्यांदा ऐक.

प्रदर्शन संपलं होतं.
आठ दिवस काचेपलीकडं बसून
मी कापशीला गोंडे लावत होते
आणि जपानी माणसं माझ्या बोटांचे फोटो काढत होती,
तोंडाचा एकानंही नाही.
शेवटच्या रात्री आम्हाला तिकडं नेलं.
लाकडाचं घर, कागदाची दारं,
खाली लाटा, कुणीतरी ओलं कातडं
दगडावर आपटतंय, थांबतच नाही.

दारात मालकीण. हिसाएबाई.
सत्तरीची असेल. गुडघे टेकून बसलेली.
मी पायताण काढलं, माझंच केलेलं,
टाच झिजलेली, अंगठ्याचा टाका उसवलेला
(लोकांची करताना आपलं राहतंच).
तिनं ते दोन्ही हातांनी उचललं,
सांडेल की काय अशा बेतानं.
मी नको नको म्हटलं, मराठीतच.
ती तिच्या भाषेत हसली
आणि पायताणाची तोंडं दाराकडं फिरवून ठेवली,
सकाळी जाताना पाय सरळ पडावा म्हणून.

माझी आजी पायताण जमिनीवर ठेवायची.
गिऱ्हाईक पैसे जमिनीवर ठेवायचं.
मधली दोन हात जमीन
कुणाचीच नव्हती.

न्हाणीचं मी हळू सांगते, सासरा ओसरीवर असतो.
बायकांची न्हाणी, अंगावर सूत नाही.
बंब नाही, सरपण नाही,
भुईतूनच कढत पाणी वर येतंय, गंधकाच्या वासाचं.
मला वाटलं, हा तर कमावणीचा हौद.
बाभळीची साल तेवढी घालायची राहिलीय.
आधी बाहेर अंग घासायचं, मग आत उतरायचं,
अशी खूण एकीनं केली.
तिच्या पोटावर आडवा व्रण होता.
मी मनात म्हटलं, टाके फार लांब घेतलेत.

पाच बायका आणि मी.
कुठली, कुणाची, कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी मला काय कळणार होतं म्हणा.
पाणी एकच, सहाजणींच्या गळ्यापर्यंत.

म्हशीचं, रेडकाचं, बकऱ्याचं,
पाठीचं कुठलं, पोटाचं कुठलं,
डोळे मिटून सांगेन मी.
पण स्वतःचं कातडं असं भिजताना
पहिल्यांदाच बघितलं.
चाळीस वर्षांचे घट्टे बोटांवरचे,
मऊ पडले, पांढरे झाले.
मी घाबरून वर आले.
उद्या रापी कशी धरायची?

कच्चा मासा खाल्ला का, सून विचारते दरवेळी.
खाल्ला.
तांबड्या रश्श्याची आठवण काढत खाल्ला.
आणि रात्रभर? रात्रभर जागी होते.
गादी जमिनीवरच होती, आपल्यासारखी,
झोपायला काही अडत नव्हतं.
दारातल्या त्या दोन पायताणांचा विचार करत होते,
अंधारात, समुद्राकडं तोंड करून.

आल्यापासून खोड लागलीय.
कुणी आत आलं की मी उठते
आणि त्याच्या चपला फिरवून ठेवते.
परवा महाद्वार रोडचे निगवेकर आले, मालाचा भाव करायला.
निघताना सवयीनं पाठमोरे झाले,
पायानं मागं चाचपत राहिले,
मग खाली बघितलं.
"हात कुणी लावला?"
मी म्हटलं, मी.
ते जरा थांबले.
बघितलं माझ्याकडं, चपलांकडं, परत माझ्याकडं.
काय म्हणावं ते त्यांना सुचेना, मलाही सुचलं नाही.
मग सरळ पाय घालून
गेले चालत.

जोडीमागं दहा रुपये मात्र
पाडूनच गेले.